एका हाताचा चाकू

एका हातानं उघडणारा चाकू भल्या माणसाच्या खिशात नसतो, असं आमचे आबा म्हणत. हे वाक्य ते भांडताना म्हणत नसत. भाकरी मोडताना, चहा बशीत ओतताना, गिऱ्हाइकापुढं पाण्याचा तांब्या ठेवताना ते इतक्या सहज म्हणत, की लहानपणी मला तो देवाधर्माच्या गोष्टींपैकीच एक नियम वाटे. पुढं याच एका वाक्यापायी मी बापाचं घर सोडलं. सोडलं म्हणजे पळून गेले नाही, कुणाचा हात धरून गेले नाही. मायला सोबत घेऊन, दिवसाढवळ्या, गल्लीतल्या बाया ओट्यावर बसून बघत असताना, एसटीच्या स्टँडवर गेले. आता या वयात नातेवाईक मला समजावतात, की आबांचंही बरोबर होतं आणि तुझंही बरोबर होतं, आता ते मनावर घेऊ नको. मला ही वाटणी मान्य नाही. म्हणून हे लिहायला बसले.

नांदेडात गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं आणि घरातच दुकान होतं. पुढच्या खोलीत भाता, ऐरण आणि धार लावायची साण. मागच्या खोलीत चूल, आणि दोहोंच्या मधे एक गोणपाटाचा पडदा, जो काळा होऊन इतका कडक झाला होता की दारासारखा वाजायचा. उजाडताना लाऊडस्पीकरवरून कीर्तनाचे सूर यायचे, मग स्टेशनाकडून गाडीची शिट्टी, मग मायच्या भाकरीची थापथाप, आणि त्याच्यानंतर आबांच्या लहान हातोडीची टकटक. गल्लीत बाकीचे लोक हातातली कडी, कृपाणी, तलवारी विकत. आबा फक्त घडीचे चाकू करत. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. लोहाराच्या घरात दोन पोरीच झाल्या याचं गल्लीला फार वाईट वाटे, आम्हाला वाटत नसे. थोरली धर्माबादला दिली होती. तिच्या सासरहून दर उन्हाळ्यात लाल मिरचीचं पोतं यायचं, आणि माय ती भाजायला बसली की सगळी गल्ली ठसकायची. त्या दिवसांत आमच्याकडे सकाळी धपाटे आणि दुपारी येसराची आमटी, आणि जी खाताना मुंबई-पुण्याकडच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यायचं ती मिरचीची चटणी तिन्ही त्रिकाळ. मी धाकटी, शकू. आबांची नजर मंदावायला लागली तशी बारीक कामं माझ्याकडे आली, आणि अठरा-एकोणीस वर्षांची होईतो सांधा बसवायचं काम बहुतेक मीच करत होते.

सांधा म्हणजे चाकूचा जीव. घडीच्या चाकूला पातं असतं आणि मूठ असते, आणि पातं मुठीत मिटतं ते एका खिळ्यावर फिरून. पातं आणि मूठ एकमेकांवर घासू नयेत म्हणून खिळ्याच्या दोन्ही बाजूंना पितळेची एकेक पातळ चकती घालतात. तिला आम्ही वायसर म्हणायचो. वायसर खडबडीत राहिला तर पातं अडखळतं. एका कडेला जास्त घासला गेला तर पातं वाकडं मिटतं. खिळ्याच्या डोक्यावर हातोडीचा ठोका जरा जोरात पडला की पातं आवळतं, हळू पडला की दात पडायला आलेल्या पोराच्या दातासारखं हलतं. म्हणून एक ठोका मारायचा, पातं उघडायचं, मिटायचं, कान द्यायचा, मग दुसरा ठोका. खिडकीच्या फुटक्या काचेवर तेलाचा थेंब टाकून, बारीक पॉलिश पेपर ठेवून मी वायसर गोल गोल घासत बसायची. माझ्या बोटांची टोकं पितळेनं हिरवट झालेली असत आणि भाकरीला त्यांचा वास लागे. आबांची परीक्षा कडक होती. पातं अर्धं उघडून सोडायचं. ते जिथं सोडलं तिथंच थांबलं पाहिजे. उलटं केलं तरी पडायला नको, आणि उघडताना एका हातानं मूठ धरून दुसऱ्या हाताच्या नखानं पातं ओढावंच लागलं पाहिजे. "दोन हात लागले की माणूस दोनदा इचार करतो," ते म्हणत.

यामागं आमच्या घरची एक जखम होती. माझे काका, नामदेवकाका, आबांचे धाकटे भाऊ. मी फार लहान असताना ते खटक्याचे चाकू करत, म्हणजे कळ दाबली की स्प्रिंगच्या जोरानं पातं बाहेर येणारे. त्यांतला एक चाकू कुणाच्या तरी पोटात गेला. चाकू कुणी केला हे शोधत पोलीस आमच्या ओट्यावर आले आणि काकांना घेऊन गेले. काका सुटून आले, पण पुन्हा ऐरणीपुढं बसले नाहीत. पुढं त्यांनी एका गोदामावर राखणदारी केली, आणि घरी आले तरी पडद्याच्या अलीकडे, स्वयंपाकाच्या खोलीतच बसायचे. आबांनी त्या दिवशी सगळ्या स्प्रिंगा गोदावरीत टाकल्या, असं माय सांगे. तेव्हा आबांचा नियम पोकळ नव्हता हे मला आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक असूनच मी तो मोडला.

हल्ली माझी एक नात्यातली पोर विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकते. ती मला फोनवर व्हिडिओ पाठवते. कुठल्या कुठल्या देशातले तरुण घडीचे चाकू हातात घेऊन एकमेकांशी वाद घालत असतात, सांध्यात वायसर बरा की छऱ्यांचं बेरिंग बरं. ते चाकू उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात, आणि एवढ्या वेळात कांदासुद्धा कापत नाहीत. "आजी, आता सगळे बेरिंगच वापरतात, एकदम स्मूद असतं," ती म्हणते. मी तिला म्हणते, बाई, हा वाद मी तुझ्या आईच्या जन्माआधी लातूरच्या मोंढ्यात मिटवलाय. ती हसते. तिला वाटतं आजी गंमत करते.

गयाबाई आमच्या ओट्यावर आली तेव्हा दुपार होती आणि आबा जेवायला बसायच्या बेतात होते. तिशीतली, उंच, काळीसावळी बाई. डावा हात मनगटाच्या वर संपलेला, आणि तो तिनं पदरात लपवला नव्हता, हे मला पहिल्यांदा दिसलं. दुसरं दिसलं ते तिच्या खालच्या ओठावरचे वण. एकाशेजारी एक, उभे.

"जयभीम, उस्ताद," ती म्हणाली आणि पायरीवर बसली. "लातूरहून आले. आमच्या मोंढ्यात समद्या हमालांकडं तुमचाच चाकू हाय. माझ्याकडंबी हाय. पर मला उघडंना."

तिनं कमरेचा चाकू काढला. आमचाच होता, मुठीवर आबांची खूण होती. तिनं मूठ उजव्या हातात धरली, पातं दातांत पकडलं आणि मान मागं ओढली. पातं उघडलं. मला ओठांवरचे वण कळले.

मग तिनं आपली हकिगत सांगितली. मळणीयंत्रात हात गेला. नवऱ्यानं दुसरा घरोबा केला. ती लातूरला भावाकडे न राहता मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, कामाला लागली. आडत्याच्या दुकानात पोत्यांची शिवण कापून माल ओतायचा, सांडलेला गोळा करायचा. सुतळी कापायला दिवसभर चाकू लागतो. उघडा विळा कमरेला लावून बघितला, तर पोत्यांच्या थप्पीवर चढताना तो मांडीत घुसला. म्हणून मिटणारा चाकू हवा. आणि आता नवा मुकादम म्हणत होता, की दातानं चाकू उघडणारी बाई दुकानापुढं बरी दिसत नाही, तिनं घरी बसावं.

"मला एका हातानं उघडंल असा चाकू करून द्या," ती म्हणाली.

आबांनी तिला पाणी दिलं, जेवायला बस म्हणाले, आणि नाही म्हणाले. नेहमीच्याच सुरात, नेहमीचंच वाक्य.

गयाबाई पाणी प्यायली. भांडं खाली ठेवलं. "म्हंजे भलं माणूस व्हायला दोन हात लागतेत व्हय, उस्ताद?"

आबांनी तांब्या उचलून तिचं भांडं परत भरलं. पडद्यामागं मायच्या हातातली भाकरी थापायची थांबली होती.

"मी करते," मी म्हणाले.

"शके, आत जा."

"मी करते, आबा. तुमच्या म्होरं सांगून करते. नंतर मला म्हणू नका की चोरून केलं."

आबांना वाटलं असावं की मला जमणारच नाही. जमलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना पुढं कितीदा वाटलं असेल. त्या दिवशी ते हात धुऊन जेवायला बसले, गयाबाईही बसली, आणि मायनं तिच्या ताटात वाढताना तुपाची धार जरा लांबवली.

माझ्या डोक्यात सायकल होती. सायकलचं चाक एका बोटानं फिरतं ते आतल्या छऱ्यांमुळं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून मी जुन्या फ्रीव्हीलमधले बारीक छर्रे आणले, पितळेच्या जाड चकतीला गोलाकार भोकं पाडली, प्रत्येक भोकात एकेक छर्रा बसवला, आणि वायसरच्या जागी ती चकती घातली. आमच्या चाकूच्या पात्याला मागं एक छोटी शेपटी असते, मिटलेल्या चाकूच्या पाठीवर ती बाहेर राहते. ती शेपटी मी लांब केली, म्हणजे अंगठ्यानं दाबली की पातं बाहेर यावं, आणि काम करताना तळहात शेपटीवरच दाबलेला राहिल्यामुळं पातं आपोआप मिटू नये. सांधा आवळला, शेपटी दाबली, आणि पातं असं निघालं की जणू आतून कुणी ढकललं. काही आवाज नाही, अडखळणं नाही. मी ते इतक्या वेळा उघडलं-मिटलं की माय म्हणाली, आता त्याला जेवू घाल. आज त्या व्हिडिओतली पोरं तसंच करताना दिसतात, तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. तो आनंद खरा असतो. फक्त तेवढ्यावर थांबता येत नाही.

आबांनी तो चाकू हातात घेतला नाही. मुठीवर आपली खूण मारू नको एवढंच म्हणाले. मी मारली नाही. गयाबाई येऊन चाकू घेऊन गेली.

पावसाळा संपून मोंढ्यात सोयाबीन यायला लागलं आणि गयाबाई परत आली. तिनं चाकू माझ्या पुढ्यात ठेवला. मी शेपटी दाबली तर आतून करकर आवाज आला, दातांखाली वाळू आल्यासारखा. मोंढ्यातली धूळ म्हणजे काय असते हे मी तोवर बघितलं नव्हतं. सोयाबीनचा भुसा, तुरीची टरफलं, पोत्यांचे तंतू, सगळं त्या छऱ्यांच्या भोकांत जाऊन बसलं होतं. सांधा खोलला तर आणखी वाईट दिसलं. छऱ्यांनी मुठीच्या पोलादावर बारीक खळगे पाडले होते, आणि पातं फिरताना त्या खळग्यांत पडत होतं.

"ते धुऊन निघंल," गयाबाई म्हणाली, "पर दुसरीच पीडा हाय. ह्ये बघ." तिनं मनगटाला झटका दिला. करकरतच, पण पातं बाहेर आलं. "साफ व्हतं तवा तर नुस्तं हलवलं की उघडायचं. मोंढ्यातली टवाळ पोरं मागं लागलीत. मावशी, कुठून आणला, आमालाबी पायजे. पोती कापायला न्हाई पायजे त्येंना. चौकात हुभं राहून टकाटका करायला पायजे. परवा एकानं माझ्या कमरेचा काढून घेतला आणि दुसऱ्याच्या नाकाम्होरं उघडला. मी चप्पल काढली म्हणून दिला."

ऐरणीमागून आबा हे सगळं ऐकत होते. "बघितलंस?" ते म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. "नाम्यावर काय पाळी आली व्हती, ती इसरू नगंस. झालं तुझं आता."

त्यांचं म्हणणं एवढं खरं होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण खरं होतं ते एवढंच, की छऱ्यांचा चाकू चुकला होता. गयाबाईला हात नव्हता ही गोष्ट त्यानं चुकीची ठरत नव्हती. मी म्हणाले, "छर्रे चुकले, आबा. ही बाई चुकली न्हाई."

नंतरच्या दिवसांत मी वायसरकडे परत गेले. आबांचा वायसर आबांसारखाच होता, अडवून धरणारा. मला असा पाहिजे होता की जो दाबलं की सोडेल आणि झटका दिला की धरून ठेवेल. मी चकत्या मोठ्या केल्या, सपाट पितळेच्या, भोकं नाहीत, खळगे नाहीत, धुळीला बसायला जागाच नाही. काचेवर त्या इतक्या घासल्या की एकीवर एक ठेवली तर चिकटून यायच्या. खिळा काढून स्क्रू घातला आणि स्क्रूवर पोलादाची एक तोकडी नळी बसवली. सगळी मेख त्या नळीत होती. ती पातं आणि दोन वायसर मिळून जेवढी जाडी होते त्याहून केसभर लांब ठेवायची. मग स्क्रू कितीही आवळा, आवळ नळीवर येते, पात्याच्या गळ्यावर येत नाही. नळी जास्त लांब झाली तर पातं डुलायचं, तोकडी झाली तर अडकायचं. मी नळी कानशीवर नाही, काचेवर घासायची. घासायची, बसवायची, दाबायची, परत खोलायची. किती नळ्या वाया गेल्या याला गणती नाही. एका सकाळी शेपटी दाबली आणि पातं सावकाश, एका वेगानं, तुपात फिरल्यासारखं उघडलं. मग मी मनगटाला झटका दिला. पातं हललं नाही. जोरात दिला. हललं नाही.

मी तो आबांपुढं धरला. "झटका देऊन बघा."

"मला बघायचं न्हाई."

"ह्याला खटका न्हाई, स्प्रिंग न्हाई, छर्रे न्हाईत. तुमचाच वायसर हाय."

"एका हातानं उघडतो ना?"

"हाव."

"मंग झालं." आबा उठले. त्यांनी माझी काच, माझ्या कानशी, माझी लहान हातोडी उचलून पेटीत टाकली आणि पेटीला कुलूप लावलं. "माझ्या ऐरणीवर ह्ये काम व्हनार न्हाई."

तेव्हा पडदा वाजला. माय बाहेर आली होती. माय आबांपुढं कधी दुकानाच्या गोष्टीत बोलली नव्हती. तिनं चाकू माझ्या हातातून घेतला, डावा हात पाठीमागं धरला आणि उजव्या अंगठ्यानं शेपटी दाबली. पातं उघडलं. तिनं ते मांडीवर दाबून मिटवलं. परत उघडलं.

"माझा हात गेला असता तर?" तिनं आबांना विचारलं.

"तुझा गेला न्हाई ना."

मायनं चाकू मिटवून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "शके, आवर. लातूरला भाऊ हाय माझा. त्याच्याकडं पत्र्याचं शेड रिकामं हाय. पोरीला मी सोडून येते."

आबांनी आम्हाला अडवलं नाही. कुलूपही काढलं नाही. मी घरातून माझे कपडे, तो एक चाकू आणि खिडकीची दुसरी काच घेऊन निघाले. ती काच मी चौकटीतून आबांच्या देखत काढली. एसटीत मायनं मांडीवर धपाट्यांची फडकी लातूर येईपर्यंत धरून ठेवली होती. स्टँडवर उतरल्यावर एवढंच म्हणाली, "आता मागं वळून रडलीस तर मीच थोबाडीत देईन."

दुसऱ्या दिवशी मामांनी आम्हाला मोंढ्यात नेलं. मी तिथली धूळ तेव्हा पहिल्यांदा बघितली. उन्हात ती पिवळी दिसत होती, आणि हमालांच्या भुवयांवर, पापण्यांवर बसली होती. हाकांचा, लिलावाचा, बैलांच्या घंटांचा आणि ट्रकांचा असा काही गलका, की आमची गल्ली मला एकदम देवळासारखी शांत वाटली. गयाबाई दुकानापुढं खाली बसून सांडलेली तूर गोळा करत होती. तिला पोत्यांना हात लावू नको असं मुकादमानं सांगितलं होतं. मुकादम तिथंच खुर्ची टाकून बसला होता, पांढरा शर्ट, गळ्याला रुमाल.

मी चाकू गयाबाईच्या हातात दिला. ती उठली आणि सरळ थप्पीपाशी गेली.

"ए बाई," मुकादम म्हणाला, "तुला सांगितलं न्हाई का?"

"सांगितलं. ऐकलं न्हाई." तिनं शेपटी दाबली, पातं उघडलं, पोत्याच्या शिवणीखाली घातलं आणि एका ओढीत सुतळी कापली. पोत्याचं तोंड उकललं आणि तूर घळघळत खाली आली. चाकू मांडीवर मिटवला, कमरेला खोचला, पोतं गुडघ्यानं आणि थोट्या हाताच्या कोपरानं कलतं केलं, झटकलं, बाजूला टाकलं. दुसरं पोतं. परत अंगठा, परत पातं. हमाल काम थांबवून बघायला लागले. त्यांतला एक टवाळ पुढं आला, "मावशी, ह्यो नवा का? बघू." त्यानं चाकू घेतला आणि सवयीनं मनगट झटकलं. काही झालं नाही. पुन्हा झटकलं. बाकीचे हसायला लागले. गयाबाईनं चाकू त्याच्या हातातून काढून घेतला. "ह्यो कामाचा हाय," ती म्हणाली, "तुझ्या कामाचा न्हाई."

मुकादम खुर्चीतून उठला. एका बाईनं आपल्याला सगळ्यांपुढं उलट उत्तर दिलं याचा राग त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. "आज जमलं. आत धूळ गेली की बसंल अडकून," तो म्हणाला.

तेव्हा मी बोलले. माझ्या आयुष्यात परक्या पुरुषांच्या घोळक्यात मी तोवर बोलले नव्हते. मी गयाबाईकडून चाकू घेतला, उघडून जमिनीवर ठेवला, ओंजळभर धूळ आणि भुसा घेतला आणि सांध्यावर ओतला. वरून पायानं दाबला. मग उचलून गयाबाईला दिला. तिनं मांडीवर मिटवला. अंगठा दाबला. पातं जरा जड आलं, पण आलं. धूळ वायसरच्या कडेनं बाहेर निघून पात्यावर रेघ होऊन बसली होती. तिनं ती लुगड्याला पुसली आणि तिसऱ्या पोत्याला हात घातला.

मुकादम काय म्हणाला हे मला आठवत नाही. गयाबाई त्या दुकानात पुढं कितीतरी वर्षं राहिली, तो मुकादम गेला, दुसरा आला, तोही गेला. शेवटी शेवटी नव्या पोरांना ती शिवण कशी कापायची ते दाखवायची. तिच्या ओठांवरचे वण गेले नाहीत. ते जात नाहीत. पण नवा वण उमटला नाही.

माय दोन दिवस राहून नांदेडला परत गेली. मी गेले नाही. मामांच्या शेडमध्ये मी काच मांडली, मामांनी एक जुनी ऐरण शोधून आणली, आणि मी काम सुरू केलं. तरणी पोर एकटी शेडमध्ये लोखंड ठोकते म्हणून लातुरात जे बोलायचं ते सगळं बोलून झालं. पोलीसही एकदा आले. मी त्यांच्या हातात चाकू दिला आणि झटका देऊन बघा म्हणाले. बघितला, आणि गेले. मळणीयंत्रं तेव्हा गावोगाव आली होती आणि दर हंगामात कुणाचा ना कुणाचा हात, कुणाची बोटं घेत होती. ही माणसं आधी कुठं असत कोण जाणे. गयाबाईचा चाकू बघून ती येऊ लागली. प्रत्येकाचा अंगठा वेगळा, प्रत्येकाचा जोर वेगळा, म्हणून प्रत्येकाची नळी मी वेगळी घासायची. म्हाताऱ्याला सैल, तरण्याला जरा आवळ. माझी विष्णुपुरीची पोर म्हणते, हे सगळं यंत्रावर एकसारखं करता येईल. करता येईल. माणसं एकसारखी कुठून आणणार?

आबांशी माझं बोलणं तुटलं नाही. दिवाळीला, पंचमीला मी जात होते, त्यांच्या पंक्तीला बसत होते, त्यांच्या चकत्या घासूनही देत होते. पण माझा चाकू त्यांनी हातात घेतला नाही, आणि मी माझं काम त्यांच्या घरी काढलं नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात नामदेवकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, "शके, एकदा म्हण ना त्येला, आबा, चुकलं माझं. म्हातारा सुखानं डोळे मिटंल." मी म्हणाले, "काका, त्यांचे पाय चेपीन, त्यांचं सगळं करीन. पर चुकलं न्हाई त्याला चुकलं म्हणणार न्हाई." काका फार हळू म्हणाले, "मीबी म्हणलो नसतो."

त्या आजाराच्या बरंच आधीची, एका हिवाळ्यातली गोष्ट सांगून हे संपवते. शेडच्या दारात एक शेतकरी उभा होता. मुदखेडकडचा, डोक्याला मफलर, एक हात शालीच्या आत. एवढ्या लांबून कसे आलात, माझं नाव कुणी सांगितलं, म्हणून मी विचारलं.

"नांदेडला गेलतो आधी," तो म्हणाला. "तिथं गल्लीत एक म्हातारे उस्ताद हायेत. लई कडक माणूस. म्हणले, असला चाकू आमच्याकडं व्हत न्हाई, व्हनारबी न्हाई. आणि मंग उठून माझ्या संगं स्टँडपर्यंत आले. लातूरच्या गाडीत बसवून दिलं."

मी त्याला पाणी दिलं. बसायला पोतं टाकलं. काच पुसून घेतली आणि विचारलं, "कोणता हात हाय, दादा?"